सर्व्हिसची बॅटरी

पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या गेमच्या यंत्रात बॅटरी बसवली की ते सगळ्यात आधी तिला तिचा क्रमांक विचारतं. स्क्रीन काळी असते, दिवा लागलेला नसतो, तुम्ही चालू करायचं बटणही सरकवलेलं नसतं; पण तेवढ्यात बोर्डावरची एक छोटी आयसी आणि बॅटरीतली आयसी यांचं बोलणं होऊन गेलेलं असतं. वीज नेणाऱ्या पट्ट्यांच्या शेजारी एक पट्टी फक्त या बोलण्यासाठी ठेवलेली आहे. बाजारात मिळणारी बॅटरी आपला नेहमीचा क्रमांक सांगते आणि यंत्र तुमच्या बोटाची वाट पाहत राहतं. पण उत्तरात आठही जागी एफ आला, तर ते कोणाचीच वाट पाहत नाही. आपोआप सुरू होतं, स्वतःच्या पोटातली मेमरी बाजूला ठेवतं आणि मेमरी स्टिकवर जो प्रोग्रॅम असेल तो चालवायला घेतं. मेलेलं यंत्र पुन्हा उठवता यावं म्हणून सोनीने आपल्या कारागिरांसाठी ही सोय केली होती. ऑगस्ट २००७ मध्ये ती सगळ्या जगाला कळली आणि त्या बॅटरीला पँडोराची बॅटरी हे नाव पडलं.

मी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीजवळ, मोबाइल आणि गेमची यंत्रं दुरुस्त करते. जागा मामांची. ते आधी रेडिओ, मग टेप आणि पुढे रंगीत टीव्ही बघायचे. रंगीत टीव्हीला सर्व्हिस मोड असायचा. रिमोटची ठरावीक बटणं ठरावीक क्रमाने दाबली की पडद्यावर आकडे उमटायचे आणि चित्राची उंची, रुंदी, रंगांचा तोल असं सगळं हाती यायचं. हा क्रम कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेला असे, आणि ते मॅन्युअल बाहेरच्या कारागिराला सहसा मिळत नसे. मामांनी एका जाड वहीत असे क्रम उतरवून ठेवले होते. एखादा क्रम दुसऱ्या दुकानातून विचारून आणलेला, एखादा तासन्‌तास बटणं दाबून सापडलेला. ती वही ते कोणालाही दाखवायचे. मागणारा समोरच्याच दुकानातला असला तरी.

कन्सोल उघडण्याचा इतिहास बहुतेक ठिकाणी कुलूप लावणारी कंपनी आणि ते फोडणारी पोरं असा सांगितला जातो. तो खोटा नाही, पण माझ्या टेबलावरून तो मला वेगळा दिसतो. जे यंत्र दुरुस्त व्हायचं आहे त्यात शिरायला बनवणाऱ्याला एक वाट ठेवावीच लागते. मुळात कारागिरासाठी असलेली ही वाट पुढे बाहेरच्यांना सापडत गेली, आणि पीएसपीच्या गोष्टीत हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याही यंत्राच्या गोष्टीत दिसत नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत जे ‘व्हिडिओ गेम’ आले, त्यांना कुलूपच नव्हतं. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम काढला तेव्हा कॅसेट खरी की नकली हे तपासणारं त्यात काहीच नव्हतं. म्हणून त्याच्या नकला सहज निघाल्या आणि मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट आपल्याकडे मुख्यतः त्या नकलांमधूनच पोचले. त्याच यंत्राला अमेरिकेत १९८५ मध्ये एनईएस म्हणून नेताना कंपनीने आत एक तपासणीची आयसी बसवली. तिचा चौथा पाय कापला की ती गप्प होते, हे तिकडच्या दुरुस्तीवाल्यांना आजही पाठ आहे. पुढे प्लेस्टेशनच्या डिस्कमध्ये कॉपी होणार नाही अशी चार अक्षरांची खूण आली. मग आठ पायांची एक आयसी बोर्डावर डाखून तीच चार अक्षरं यंत्राला ऐकवत राहण्याची युक्ती आली. पीएस टूच्या काळात आपल्या बाजारात ‘चिप मारलेला आहे का?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारला जाई. तिथे मात्र दुरुस्तीचा काही संबंध नव्हता. चिप लागायची ती नकली डिस्क चालवायला, आणि हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.

पीएसपी जपानात १२ डिसेंबर २००४ रोजी आला आणि अमेरिकेत मार्च २००५ मध्ये. ४.३ इंची पडदा, ३२ एमबी रॅम, ३३३ मेगाहर्ट्‌झपर्यंत धावू शकणारा प्रोसेसर (सुरुवातीला कंपनीने तो गेमसाठी २२२ वर रोखून धरला होता), आणि गेमसाठी प्लॅस्टिकच्या कवचातली छोटी डिस्क, यूएमडी. हातात धरायच्या गेमच्या यंत्रात एवढी ताकद तोवर कोणी दिली नव्हती. लोकांनी पहिली फट शोधली ती अगदी निरुपद्रवी होती. वाइपआउट प्युअर या शर्यतीच्या गेममध्ये जादा ट्रॅक उतरवून घ्यायला एक छोटा ब्राउझर दडवलेला होता. वाय-फायच्या सेटिंगमध्ये पत्ता बदलून काहींनी त्याला कंपनीच्या पानाऐवजी दुसऱ्याच पानावर वळवलं. यंत्राला अधिकृत ब्राउझर मिळायच्या कितीतरी आधी लोक त्यावर बातम्या वाचत होते.

जपानी यंत्रांत १.०० नंबरचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, होतं, आणि मेमरी स्टिकवरच्या प्रोग्रॅमवर कंपनीची सही आहे का हे ते बघतच नव्हतं. मे २००५ मध्ये ‘नेम’ या टोपणनावाच्या माणसाने त्यावर स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्रॅम चालवून दाखवला. पडद्यावर दोन शब्द उमटले, एवढंच. पण पीएस टूचा आणि पीएसपीचा प्रोसेसर एकाच घराण्यातला, एमआयपीएस जातीचा. पीएस टूसाठी हौशी लोकांनी रचलेली हत्यारं तयार होती आणि ती थोड्या फेरफाराने इकडे चालली. म्हणूनच काही आठवड्यांत जुन्या यंत्रांचे गेम चालवणारे एम्युलेटर दिसू लागले.

अमेरिकेतल्या यंत्रांत १.५० होतं आणि ते सही बघत होतं. जूनमध्ये त्याचीही वाट सापडली, आणि ती अक्षरशः हाताने करायची होती. एका मेमरी स्टिकवर यंत्राला आवडेल असं कवच, दुसरीवर आपला प्रोग्रॅम. पहिली घालून सुरू करायचं आणि नेमक्या क्षणी ती काढून दुसरी सरकवायची. थोड्याच दिवसांत हा खटाटोप टळला, कारण एकाच नावाचे दोन फोल्डर करून एकाच्या नावापुढे टक्क्याचं चिन्ह ठेवलं की १.५० फसतं हे कळलं. मला हा पहिला उन्हाळा फार महत्त्वाचा वाटतो, कारण तेव्हा डिस्कची नक्कल कशी चालवायची हा विषय नव्हता. लोकांना त्या यंत्राकडून काय काय करून घेता येतं ते बघायचं होतं. लुआ प्लेअर आला, आणि शाळेतली मुलं साध्या लुआ भाषेत स्वतःचे गेम लिहू लागली. बुकर नावाचा वाचक आला, त्यात पीडीएफ उघडायची.

बुकरबद्दल थोडं जास्त सांगते. पीएसपीच्या मेनूत देवनागरीला जागा नव्हती. फाइलचं नाव मराठीत दिलं की अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. पण पीडीएफमध्ये अक्षरांचे साचे फाइलच्या आतच बांधलेले असतात, त्यामुळे यंत्राला मराठी येत नसली तरी पान मराठीत दिसायचं. पॉलिटेक्निकला असताना मी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या नोट्स अशाच वाचल्या. यंत्र आडवं धरून, अ‍ॅनालॉगच्या टिकलीने पान सरकवत, स्वारगेटच्या बसमध्ये. कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीत हे नव्हतं. एका परक्या माणसाने फुकट लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे माझ्या हातातलं खेळणं माझ्या भाषेचं झालं. त्या माणसाचे आभार मानायची संधी मला कधी मिळाली नाही, म्हणून इथे मानते.

मग सोनीने दर काही आठवड्यांनी नवं फर्मवेअर काढायला सुरुवात केली. २.०० मध्ये ब्राउझर आला आणि वॉलपेपर लावायची सोय आली. ही दुसरी सोयच कंपनीच्या अंगाशी आली. सप्टेंबर २००५ मध्ये टिफ प्रकारच्या चित्रात नको तेवढी माहिती भरून यंत्राला गोंधळात पाडता येतं हे उघड झालं, आणि त्यातून २.०० वरून परत १.५० वर उतरायचा प्रोग्रॅम निघाला. नवं फर्मवेअर पुसून जुनं घालायला लोक आतुर झाले होते आणि या आतुरतेचा फायदा घेणाराही लगेच भेटला. ऑक्टोबर २००५ मध्ये अशाच खाली उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, डाउनग्रेडरच्या, नावाखाली एक ट्रोजन फिरू लागला. तो चालवला की पोटातल्या मेमरीतल्या सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइली पुसल्या जायच्या. दिवा हिरवा लागणार, पडदा काळा राहणार, आणि त्यापुढे काही नाही.

असे पीएसपी दुकानात यायचे. ट्रोजनने मेलेले थोडे. बरेचसे फर्मवेअर चढवताना वीज गेल्याने, चार्जर निघाल्याने, अर्ध्यावर बॅटरी संपल्याने मेलेले. ‘ताई, दिवा लागतोय म्हणजे चालू आहे ना?’ असं एक मुलगा मला विचारायचा, यंत्र कानाशी धरून. आतलं सगळं ठीक असायचं. बोर्डावर कुठे शॉर्ट नाही, पडद्याची पट्टी ठीक, व्होल्टेज बरोबर. मामा मल्टिमीटर खाली ठेवायचे आणि म्हणायचे, ‘याला रोग नाही, याला विसर पडलाय.’ पण आठवण करून द्यायला आत शिरायची वाट आमच्याकडे नव्हती. कंपनीकडे पाठवलं तर येणारं बिल मुलाच्या वडिलांना परवडणारं नसे. ते यंत्र आम्ही पार्टसाठी विकत घ्यायचो, आणि ते विकतानाचा मुलाचा चेहरा मला आवडायचा नाही.

मधल्या दोन वर्षांचा इतिहास लांबलचक आहे आणि त्यातला बराचसा आकड्यांचा आहे: अमुक फर्मवेअर आलं, तमुक त्रुटी सापडली. त्यातल्या दोनच गोष्टी सांगते. पहिली डार्क अ‍ॅलेक्स या स्पॅनिश प्रोग्रॅमरची. त्याने कंपनीचं फर्मवेअर फेकून न देता त्याच्यावरच आपले बदल चढवले आणि २००६ पासून ‘कस्टम फर्मवेअर’ देऊ लागला. नवं यंत्र आणि जुनं स्वातंत्र्य एकत्र. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने स्वतःच पीएसपीवर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम चालवणारा एम्युलेटर आणला, पण विकत घेतलेल्या मोजक्याच गेमसाठी. महिना दोन महिन्यांत डार्क अ‍ॅलेक्सच्या फर्मवेअरमुळे त्याच एम्युलेटरवर तुमच्या कपाटातली जुनी डिस्कही चालू लागली. कंपनीने केलेलं काम उत्तम होतं, त्याची दारं तेवढी अरुंद होती.

दुसरी गोष्ट ल्युमिनेसची. हा पीएसपीबरोबर २००४ मध्येच आलेला, रंगीत चौकोन रचायचा, गाण्याच्या तालावर चालणारा गेम. जून २००७ मध्ये त्याच्या सेव्ह केलेल्या खेळात फट सापडली आणि अगदी ताज्या ३.५० फर्मवेअरचं यंत्रही त्यातून उघडू लागलं. अडीच वर्षांचा जुना गेम एका दिवसात विक्रीच्या यादीत वर चढला. गेम खेळण्यासाठी न घेणारे ते पहिलेच गिऱ्हाईक असतील, पण मला माहीत असलेल्यांपैकी निम्म्यांना पुढे तो गेमही आवडला.

आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी बॅटरी आली.

आधीच्या सगळ्या वाटांना एक अट होती: यंत्र जिवंत पाहिजे. चित्र उघडायला, खेळ लोड करायला, काहीही करायला ते आधी सुरू व्हायला हवं. पँडोराला ती अट नव्हती. यंत्राच्या पोटातली मेमरी पूर्ण कोरी असली तरी चालायचं, कारण तिकडे बघितलंच जात नव्हतं. मेमरी स्टिकवरून येणारा प्रोग्रॅम कंपनीचाच आहे का, हे तपासणारा एक चिमुकला कोड प्रोसेसरच्या आत कायमचा कोरलेला असतो. त्या तपासणीत खोट होती, आणि ती बाहेरच्यांना सापडली. कोरलेला कोड फर्मवेअर बदलून दुरुस्त होत नाही. त्यामुळे तोवर विकल्या गेलेल्या प्रत्येक पीएसपीला ही वाट कायमची खुली झाली.

बॅटरीचा क्रमांक बदलायला आधीच उघडलेलं दुसरं पीएसपी लागायचं. त्यातला छोटा प्रोग्रॅम बॅटरीच्या आयसीत आठ एफ लिहायचा. ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांनी हाताने करायची रीत काढली, आणि ती आम्हा कारागिरांची खरी रीत. मोठ्या, १८०० एमएएचच्या बॅटरीचं कवच दोन अर्धुकं चिकटवून केलेलं असतं. सांध्यावर पातळ प्लॅस्टिकची पट्टी घालून ते हळूहळू उकलायचं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही, कारण आतल्या सेलला टोक लागलं तर आग लागते. कवच निघालं की सेलच्या कडेला हिरवी बारीक पट्टी दिसते, तिच्यावर आठ पायांची आयसी. ठिपका बघून पाय मोजायचे. पाचव्या पायाखाली शिवायची बारीक सुई सरकवायची, वरून सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवायचं, शिसं वितळलं की सुईने पाय केसभर उचलायचा. झालं. आता यंत्राने क्रमांक विचारला की उत्तर धड येत नाही, वाचणाऱ्याला सगळे एफच दिसतात, आणि बॅटरी सर्व्हिसची होते. पाय परत टेकवून डाखला की ती पुन्हा साधी. काही जण त्या जागी बारीक स्विच बसवून बॅटरीला दोन्ही कामं लावायचे. मामांनीही तसाच स्विच बसवला होता, पडलेल्या हेडफोनमधून काढलेला.

ती बॅटरी आणि तयार केलेली मेमरी स्टिक घेऊन आम्ही खोक्यातले पार्टसाठी ठेवलेले पीएसपी एकामागून एक उठवले. बॅटरी बसवायची, हिरवा दिवा आपोआप लागायचा, थोड्या वेळाने काळ्या पडद्यावर मेनू यायचा. ज्यांचे पत्ते होते त्यांना फोन केले. मामांनी त्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर बॅटरीच्या आयसीचं चित्र काढलं, पाचव्या पायाला बाण दाखवला, आणि गल्लीतल्या ज्याला हवं त्याला ते उतरवून दिलं.

आता जे सांगायलाच हवं ते सांगते. हीच बॅटरी आल्यावर फुकटच्या गेमचा पूर आला. पीएसपी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना बुकर, लुआ किंवा जुने एम्युलेटर नको होते. त्यांना चालू महिन्यातले नवे गेम मेमरी स्टिकवर भरून हवे होते. गेम बनवणाऱ्यांचं त्यात नुकसान झालं आणि पीएसपीसाठी नवे गेम काढायला काही कंपन्या कचरू लागल्या. आम्ही यंत्र उघडून द्यायचो, गेम भरून द्यायचो नाही. त्यामुळे गिऱ्हाईक शेजारी जायचं. मामा शेजाऱ्याला त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत, पण आपला नियमही सोडला नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५अ हे कलम आलं. हक्क मोडण्याच्या हेतूने असं कुलूप ओलांडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते सांगतं. आणि कायद्याने ज्याला उघड मनाई केलेली नाही अशा कामासाठी ओलांडलं तर ते कलम लागू होत नाही, असंही त्यातच लिहिलं आहे. मेलेलं यंत्र उठवणं आणि चोरीचा गेम भरणं यांतला फरक आम्ही पोटातून मानत होतो. कायद्यातही हेतू बघितला जातो, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

सोनीने उत्तर दिलं ते बोर्ड बदलून. २००८ मध्ये पीएसपी-२००० च्या शेवटच्या बोर्डांत आणि नंतर पीएसपी-३००० मध्ये तो कोरलेला कोड नवा आला. आठ एफची बॅटरी बसवली तरी मेमरी स्टिकवरचा परका प्रोग्रॅम चालेना. मे २००९ मध्ये डेव्ही नावाच्या प्रोग्रॅमरने पुन्हा टिफ चित्राचाच आधार घेऊन पीएसपी-३००० उघडलं, पण यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जायचं आणि दर वेळी नव्याने करावं लागायचं. २०११ च्या सुरुवातीला पीएस थ्रीच्या फर्मवेअरमधून पीएसपीच्या सहीच्या किल्ल्याच हाती लागल्या, आणि घरी लिहिलेला प्रोग्रॅम कंपनीच्या सहीसारखीच सही घेऊन कुठल्याही पीएसपीवर चालू लागला. कुलपांची गोष्ट तिथे जवळजवळ संपते. २०१४ मध्ये पीएसपीची विक्री जगभर थांबत गेली. जानेवारी २०१५ मध्ये ६.६१ हे शेवटचं फर्मवेअर आलं आणि पुढे त्यावरही कायमचं बसणारं कस्टम फर्मवेअर निघालं.

पण माझ्या दृष्टीने मोठी उणीव राहिलीच होती. नवा बोर्ड मेला तर तो मेलाच. पीएसपी-३००० सगळ्यात जास्त खपलेल्यांपैकी, दुकानात येणारे बहुतेक तेच, आणि त्यांना उठवायची वाट नाही. ती वाट उघडली ती यंत्राचं उत्पादन थांबून कितीतरी वर्षं झाल्यावर, आणि उघडणारे लोक त्यातून एक पैसाही मिळवणार नव्हते. नव्या बोर्डातली बॅटरीशी बोलणारी आयसी आता नुसत्या क्रमांकावर समाधान मानत नाही; ती बॅटरीला कोडं घालते आणि त्याचं बरोबर उत्तर मागते. कंपनीच्या सर्व्हिसच्या बॅटरीला ते येतं. काही संशोधकांनी ती आयसी आतून वाचून कोड्याचं गणित काढलं, आणि त्यावरून बॅरियन स्वीपर नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. तो संगणकावर चालतो. यूएसबीला जोडायचं सिरियलचं साधं मॉड्यूल घ्यायचं, त्याच्या तारा पीएसपीच्या बॅटरीच्या जागेतल्या बोलण्याच्या पट्टीला आणि निगेटिव्हला लावायच्या, आणि संगणक सर्व्हिसच्या बॅटरीसारखा बोलू लागतो. यंत्र विचारतं, तो उत्तर देतो, हिरवा दिवा लागतो. ते मॉड्यूल आमच्याच गल्लीत मिळतं. मुलं प्रोजेक्टसाठी नेतात.

निन्टेन्डोच्या स्विचची गोष्ट याला इतकी मिळतीजुळती आहे की ती वाचताना मला मामांची वही आठवली. एप्रिल २०१८ मध्ये केट टेम्किन यांनी आणि त्याच सुमारास फेलओव्हरफ्लो या गटाने दाखवून दिलं की स्विचमधल्या एनव्हिडियाच्या चिपला एक दुरुस्तीचा मोड आहे. उजवा जॉय-कॉन, म्हणजे बाजूचा कंट्रोलर, जिथे सरकतो त्या खाचेतली दहावी पट्टी निगेटिव्हला टेकवून आवाजाचं आणि चालू करायचं बटण दाबलं की चिप त्या मोडमध्ये शिरते आणि यूएसबीवरून हुकूम ऐकू लागते. येणारा हुकूम किती लांब आहे हे ती नीट मोजत नव्हती. कोड इथेही कोरलेलाच, त्यामुळे तोवर बनलेली सगळी यंत्रं कायमची उघडी. लोकांनी ती पट्टी टेकवायला कागदाच्या क्लिपा वाकवल्या.

आता माझ्याकडे पीएसपी घेऊन वडील येतात, मुलगा शेजारी उभा असतो. काम ठरलेलं असतं. फुगलेली बॅटरी काढायची. मूळ बॅटऱ्या आता नव्या मिळत नाहीत आणि जुन्या फुगून मागचं झाकण उचलतात, तशी दिसली तर ती घरात ठेवू नका. मेमरी स्टिकच्या जागी मायक्रोएसडीचा अ‍ॅडॉप्टर बसवायचा. अ‍ॅनालॉगच्या टिकलीखालची काळी रबरी गादी पुसायची. मग कस्टम फर्मवेअर, आणि त्यावर वडिलांच्या लहानपणीचा एखादा गेम, त्यांच्याच डिस्कवरून.

यूएमडीच मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतात. यूएमडीचा पारदर्शक अर्धा भाग कवचाला चिकटवलेला असतो आणि वयाने तो सुटतो. सुटला की ड्राइव्हमध्ये अडकतो. ड्राइव्ह खराब झाला तर दुसऱ्या यंत्रातून काढून घालावा लागतो. मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस थ्री, पीएसपीनंतरचं हातातलं यंत्र व्हिटा आणि पीएसपी यांची ऑनलाइन दुकानं बंद करायचं जाहीर केलं; लोकांनी आवाज उठवल्यावर पहिली दोन वाचली, पीएसपीचं मात्र बंदच झालं. परदेशातले मोठे गेम कोणी ना कोणी जपून ठेवलेले आहेत. आपल्याकडचे? हैदराबादच्या गेमशास्त्रने केलेला ‘देसी अड्डा’ पीएसपीवर होता, त्यात कबड्डी होती, विटी-दांडू होता. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ होता. कोणी त्यांना महान गेम म्हणणार नाही. पण विटी कोलून हवेत उडवायची असा गेम प्लेस्टेशनच्या यंत्रावर आपल्याच लोकांनी एकदा करून दाखवला होता, आणि तो नाहीसा झालेला मला चालणार नाही.

विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत, तो नष्ट होऊ नये म्हणून, स्वतःपुरती काढून ठेवायला आपला कायदा कलम ५२ मध्ये परवानगी देतो. कस्टम फर्मवेअर असलेल्या पीएसपीत यूएमडी घाला, सिलेक्ट दाबून मेनू उघडा, यूएसबीच्या ओळीवर यूएमडी डिस्क निवडा, संगणकाला जोडा. एक फाइल दिसेल, ती उतरवून घ्या. यंत्र नसेल तर डिस्क माझ्याकडे आणा, तुमच्यासमोर प्रत काढून तुमच्याच पेन ड्राइव्हवर देते. कवच सुटलं असेल तर ओढून काढू नका, तसंच घेऊन या. ते चिकटवून द्यायचे मी पैसे घेत नाही.